प्रतिसाद नाही म्हणजे काय?

(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चुंबकाने मेंदूला स्पर्श करायचा आणि त्या क्षणी मेंदूत उठणाऱ्या विद्युत् लहरी टिपायच्या, हा आजचा विषय. कार्यक्रमपत्रिका पाहून एका माजी विद्यार्थ्याने फोन केला, "बाई, छपाईत काही चुकलं का?" चुकलेले नाही. माझी डॉक्टरकी साहित्यातली आहे आणि आज मी तिच्या हद्दीतच राहणार आहे. या यंत्राची गाठ एका शब्दापाशी पडते. तो शब्द म्हणजे 'प्रतिसाद'.

दोन वर्षांपूर्वी ओळखीतला एक संशोधक विद्यार्थी चार पाने घेऊन घरी आला. प्रयोगात भाग घेणाऱ्यांसाठी माहितीपत्र आणि संमतिपत्र होते. इंग्रजीवरून केलेली मराठी मला तपासून द्यायची होती. पहिल्याच ओळीत अडले. 'मॅग्नेटिक स्टिम्युलेशन'साठी त्याने लिहिले होते 'चुंबकीय झटका'. मी म्हटले, अरे, आपल्याकडे झटका येतो तो हृदयविकाराचा. नाही तर विजेचा बसतो. हे वाचून सही कोण करील? मग त्याने सुचवले 'उत्तेजना'. ती तर भलतीकडेच जाते. 'उत्तेजन' म्हणावे, तर या सभागृहात बसलेल्या निम्म्या कवींना आपापले उत्तेजनार्थ बक्षीस आठवेल. शेवटी आम्ही 'उद्दीपन' या शब्दावर आलो. परिभाषाकोशात तो आहेच, पण माझ्यासारखीला तो कोशाच्या कितीतरी आधी रसचर्चेत भेटलेला असतो. चांदणे, वसंत, कोकिळेचा स्वर हे उद्दीपन विभाव. ते भाव निर्माण करत नाहीत, असलेला भाव चेतवतात. नायिकेच्या मनात रती नसेल तर चांदणे म्हणजे नुसता उजेड. या यंत्राच्या बाबतीत शब्द इतका चपखल बसेल, असे मला तेव्हा वाटले नव्हते. कारण हे चुंबकही मेंदूत काही घालत नाही. जे जोडलेले आहे, जागे आहे, तेवढेच ते चेतवते. जे तुटलेले आहे ते तसेच राहते.

यंत्र असे आहे. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे एक वेटोळे डोक्याजवळ धरतात. त्यातून काही हजार अँपिअरचा प्रवाह क्षणार्धात सोडतात. क्षणार्ध हाही फार मोठा शब्द झाला. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही एखाद्या तुकड्यात सारे आटोपते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हे फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले. इथे तो वाहक म्हणजे कवटीखालचा मेंदू. हाडाला, कातड्याला चुंबकीय क्षेत्र अडत नाही. १९८५ साली इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या डोक्यावर, हाताची हालचाल सांभाळणाऱ्या भागावर, असे वेटोळे धरले आणि समोरच्याचा हात त्याच्या इच्छेवाचून हलला. या तंत्राला टीएमएस म्हणतात. नैराश्यावरचा उपचार म्हणून आता आपल्या मोठ्या शहरांतही ते मिळते.

दुसरे अंग म्हणजे ईईजी, मेंदूचा विद्युत् आलेख. तो जर्मनीतल्या येना शहरी हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ साली प्रथम माणसावर घेतला आणि पाच वर्षांनी प्रसिद्ध केला. यामागची हकिकत आपल्याला भावेल अशी आहे. तरुणपणी सैन्यात असताना तो घोड्यावरून पडला, मरता मरता वाचला. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीच्या मनात पाल चुकचुकली आणि वडिलांनी तार केली. मनाचा निरोप मनाला पोचतो तरी कसा, हे शोधायला तो निघाला. त्याला जे हवे होते ते मिळाले नाही. मिळाली ती एका सेकंदात सुमारे दहा वेळा वर-खाली होणारी एक रेघ.

ही दोन यंत्रे एकत्र आणणे सोपे नव्हते. डोक्यावर चिकटवलेल्या टिकल्यांना मेंदूकडून मिळते ती वीज काही दशक मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा दहा लाखांश भाग घ्या आणि त्याची तीस-चाळीस पट करा, एवढीच. चुंबकाच्या स्पंदाने त्याच टिकल्यांत कितीतरी हजारपटींनी मोठी वीज खेळते. त्या माऱ्याने नोंदयंत्र आंधळे होते आणि पुन्हा दिसू लागेपर्यंत मेंदूचे उत्तर निघून गेलेले असते. १९९७ साली हेलसिंकीतल्या रिस्टो इल्मोनिएमी यांच्या गटाने यावर उपाय प्रसिद्ध केला. नोंदयंत्राचे दार स्पंदाच्या वेळी काही मिलिसेकंद बंद ठेवायचे आणि लगेच उघडायचे. वावटळ आली की आपण डोळे मिटतो आणि ती सरकताच उघडतो, तसे.

पण डोळे उघडल्यावर दिसते ते सगळे मेंदूचेच असते का? इथे मला या मंडळींचा आदर वाटू लागला. संपादनाचे काम ज्याने केले आहे त्याला हा प्रश्न ओळखीचा आहे. हस्तलिखितातले कवीचे काय, लेखनिकाचे काय, वाळवीचे काय? वेटोळे प्रत्येक स्पंदाला 'टक्' असा मोठा आवाज करते. तो आवाज कान ऐकतो आणि मेंदू त्यालाही उत्तर देतो. टाळूला टिचकी बसल्यासारखे जाणवते; मेंदू त्याचीही दखल घेतो. पापणी लवते, कपाळाचे स्नायू आखडतात, आणि स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा दांडगी असते. म्हणून कानांत खास बनवलेला गोंगाट सोडतात, वेटोळ्याखाली फोमचा पातळ थर ठेवतात, आणि एकाच जागी शंभर-दोनशे स्पंद देऊन त्यांची सरासरी काढतात. तरीही २०१९ साली एका गटाने खोटे स्पंद देऊन पाहिले. आवाज तोच, टिचकी तशीच, पण मेंदूपर्यंत पोचणारे क्षेत्र नाही. उत्तराचा बराचसा भाग, विशेषतः मागून येणारा, खऱ्या स्पंदासारखाच निघाला. दुसऱ्या गटांनी प्रत्युत्तर दिले की कानातला गोंगाट नीट जुळवला आणि स्पंद पुरेसा जोरकस असला तर खरे उत्तर वेगळे काढता येते. मला दुसरी बाजू पटते, पण तिच्यातला 'नीट' हा शब्द फार कष्टाचा आहे, हेही दिसते.

याच संदर्भात आपल्याला जवळची एक गोष्ट. डाव्या कानशिलाच्या आसपास, जिथे बहुतेकांची भाषा सांभाळली जाते, तिथे ही नोंद घेणे सर्वांत कठीण जाते. कारण तिथेच वर जबड्याचे दणकट स्नायू पसरलेले आहेत. वेटोळे तिथे धरले की स्नायूच इतका आरडाओरडा करतात की भाषेच्या भागाचे म्हणणे त्यात बुडून जाते. त्या भागावर स्पंदांची माळ दिली तर चित्र ओळखून त्याचे नाव सांगणारा माणूस अडखळतो, आणि शस्त्रक्रियेआधी भाषेच्या जागा हुडकायला त्याचा उपयोगही करतात. म्हणजे बोलणे थांबवता येते. पण त्या जागेचे उत्तर स्वच्छ ऐकणे अजून अवघड आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. २००५ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्चेल्लो मास्सिमिनी, जुलिओ तोनोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा निरोगी माणसांवर, जागेपणी आणि झोपेत, हेच केले. जागेपणी स्पंद दिला की लहर त्या जागी उठते, तिथून जोडलेल्या दूरच्या भागांत जाते, रूप बदलते, परतते. सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा ही येरझार चालते. गाढ, स्वप्नाविना झोपेत तोच स्पंद दिला, तर पहिली लहर उलट जास्त मोठी उठते, पण तिथल्या तिथे विरते. शेजाऱ्याला पत्ता लागत नाही.

हा आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आनंदवर्धन आठवला. ध्वनीचा विचार मांडताना काश्मीरच्या या आचार्याने घंटेच्या अनुरणनाचा दाखला घेतला आहे. टोल संपला तरी नाद पसरत राहतो, आणि व्यंग्यार्थ त्या नादासारखा असतो. झोपलेला मेंदू म्हणजे गोणपाट गुंडाळलेली घंटा. टोला बसतो, दणकाही होतो, अनुरणन मात्र नाही. हा दाखला माझा आहे, शास्त्रज्ञांचा नाही, आणि नवव्या शतकात कोणी टीएमएस शोधला होता असा त्याचा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. ती वाट फार जणांनी मळवली आहे.

पण नाद किती आणि कसा, हे मोजायचे कसे? २०१३ साली याच मंडळींनी एक युक्ती प्रसिद्ध केली. आपण संगणकावर फाइल 'झिप' करतो. त्यामागे अब्राहम लेम्पेल आणि याकोब झिव्ह या दोघांची पद्धत आहे. मजकुरात तेच ते किती वेळा येते, यावर तो किती दाबता येईल हे ठरते. आजी रामनामाची वही लिहीत असे. ती अख्खी वही एका ओळीत सांगता येते: 'श्रीराम', इतक्या हजार वेळा. तिचेच माहेरी धाडलेले पत्र मात्र असे दाबता येत नाही. त्यातली प्रत्येक ओळ वेगळे काही सांगते. मेंदूच्या उत्तराचेही तसेच. गाढ झोपेतले उत्तर एकसुरी, म्हणून सहज दाबले जाते. जागेपणीचे दाबले जात नाही. कोणी म्हणेल, निव्वळ गोंगाटही दाबता येत नाही. बरोबर आहे, म्हणूनच शेकडो स्पंदांत जे पुन्हा पुन्हा तसेच उमटते तेवढेच जमेस धरतात. दर वेळी तेच, पण आतून नाना तऱ्हेचे. कवितेबद्दल मी वर्गात तीस वर्षे जवळपास हेच सांगत आले आहे. या मापनाला पीसीआय म्हणतात, आणि उत्तर शून्य ते एक यांच्यामधला एक अंक म्हणून येते. स्वप्नाच्या झोपेत, शरीर निपचित असूनही, हा अंक चढतो.

२०१६ साली त्यांनी १५० जणांच्या नोंदींवरून सीमारेषा ठरवली: ०.३१. यातले सगळे असे, की ज्यांना 'तेव्हा काही जाणवत होते का' हे त्या वेळी किंवा मागाहून विचारता आले. जाणवत होते असे सांगणारे सगळे रेषेच्या वर होते, नव्हते म्हणणारे सगळे खाली. मग ती रेषा घेऊन ते अशा रुग्णांकडे गेले ज्यांना विचारताच येत नाही. डोळे उघडे आहेत, झोप-जाग चालू आहे, पण सांगितलेले काही करत नाहीत, असे ४३ रुग्ण होते. त्यांतल्या ९ जणांचा अंक रेषेच्या वर निघाला.

या नऊ जणांपाशी मला थोडे थांबायचे आहे.

माझे काका इथल्याच एका रुग्णालयात आठ दिवस होते. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तस्राव झाला होता. तरुण डॉक्टर येई, वाकून हिंदीत मोठ्याने म्हणे, "काका, हाथ दबाइए." मग काकू पुढे होऊन म्हणायची, "अहो, हात दाबा बघू." दोन्हींनी काही झाले नाही. कागदावर नोंद झाली: प्रतिसाद नाही. डॉक्टर भला होता, त्याने ते समजावूनही सांगितले. काकू सातवी शिकलेली. तिने विचारले, "प्रतिसाद नाही म्हणजे काय? ऐकू जात नाही, कळत नाही, की हात उचलत नाही?" आठव्या दिवशी काका गेले. तो प्रश्न राहिला, आणि पुढे वाचत गेले तेव्हा ध्यानात आले की या शास्त्राचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास म्हणजे काकूचे ते तीन तुकडे वेगळे करण्याची खटपट आहे.

माणूस शुद्धीवर आहे की नाही, हे आपण कसे ठरवतो? हाक मारतो. 'हात दाबा', 'डोळे मिटा', 'नाव सांगा'. म्हणजे परीक्षा भाषेतून घेतो. उत्तर यायचे तर कान हवा, ती भाषा समजायला हवी, आणि मग हात किंवा जीभ हलायला हवी. यातला एक सांधा निखळला की कागदावर शेरा एकच. डाव्या बाजूच्या आघाताने ज्याची भाषाच गेली, त्याला शुद्ध असूनही तो या परीक्षेत नापास होतो. पुन्हा, इंदुरात काय, बेळगावात काय किंवा बडोद्यात काय, हाक कोणत्या भाषेत मारली हाही प्रश्न उरतोच. २००९ सालच्या एका अभ्यासात, जाणीव नाही असे डॉक्टरांनी एकमताने ठरवलेल्या ४४ रुग्णांची ठराविक मोजपट्टीने काळजीपूर्वक तपासणी झाली. त्यांतल्या १८ जणांत जाणिवेच्या खुणा सापडल्या. त्यासाठी यंत्रही लागले नाही, चिकाटी लागली.

पुढे यंत्रे आली. तुम्ही टेनिस खेळता आहात अशी कल्पना करा, असे रुग्णाला सांगायचे आणि मेंदूत त्याची खूण उमटते का ते पाहायचे, हा प्रयोग २००६ मध्ये गाजला. हात हलण्याची अट गेली. सांगितलेले समजण्याची अट राहिली. स्पंद देऊन नोंद घेण्याच्या पद्धतीत तीही जाते. कानाला विचारायचे नाही, शब्दाला विचारायचे नाही, हाताला विचारायचे नाही.

नाट्यशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर डॉक्टर अनुभाव पाहतो: डोळा वळला, हात उचलला, ओठ हलले. बाहेर दिसते त्यावरून आतले ओळखायचे. पण भरताने सांगितलेले आठ सात्त्विक भाव आठवून पाहा. त्यांत स्तंभ आहे, प्रलयही आहे. अंग ताठरून निश्चल होणे आणि शुद्ध हरपणे, या दोन्हींना शास्त्राने भावाच्या खुणांत जागा दिली. स्तब्धतेलाही काही म्हणायचे असू शकते, ही सोय आपल्या शास्त्रात आधीपासून होती. आपल्या बोलण्यात ती राहिली नाही.

फ्रेंच संपादक जाँ-दोमिनिक बोबी याला १९९५ च्या डिसेंबरात आघात झाला. डावी पापणी तेवढी हलत राहिली. कोणी अक्षरे वाचून दाखवावीत, हवे ते अक्षर आले की त्याने पापणी मिटावी, अशा रीतीने त्याने अख्खे पुस्तक सांगितले. ते १९९७ साली निघाले. अशा, आत कोंडल्या गेलेल्या रुग्णांचा अंक जागत्या निरोगी माणसाइतकाच येतो. समजा ती पापणीही हलली नसती, तर?

आपल्याकडचे उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानभाग हिच्यावर १९७३ च्या नोव्हेंबरात हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी ती गेली. एवढी सगळी वर्षे बातम्यांनी तिच्यासाठी एकच शब्द वापरला: 'कोमा'. तिचे डोळे उघडे असत, ती जागी होई, झोपे. कोमात यातले काही नसते. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. त्याआधी तीन डॉक्टरांच्या समितीने तिला तपासले होते. तिचे सांभाळणारे रुग्णालय सांगत होते की ती आवाजाने, चेहऱ्याने प्रतिसाद देते. तो प्रतिसाद मानायचा की नुसती प्रतिक्षिप्त हालचाल, यावर सगळे येऊन ठेपले. तिच्या बाबतीत या यंत्राने काय सांगितले असते, यावर मी तर्क करणार नाही. पण 'प्रतिसाद' या एका शब्दावर माणसाचे जगणे-मरणे तोलले गेले, हे मराठी शिकवणाऱ्या माणसाने विसरू नये.

आणि यंत्राच्या उत्तराचाही अतिरेक नको. अंक वर आला, म्हणजे आत जाणिवेला जागा असावी, इतके कळते. ती व्यक्ती काय विचार करते, तिला दुखते का, ती आपल्याला ओळखते का, यातले एकही उत्तर अंकात नाही. अंक खाली आला, किंवा काहीच उमटले नाही, तर वेटोळे धरलेली जागाच जखमी असू शकते. त्या ४३ पैकी १३ जणांत उत्तर मुळीच उमटले नव्हते. डोक्यात धातू बसवला असेल तर हे वापरता येईलच असे नाही, क्वचित फेफरे येण्याचा धोका असतो, आणि हे सारे आज निवडक संशोधनकेंद्रांत चालते. आपल्या अतिदक्षता विभागात उद्या ते येईल असे सांगून मी कोणाच्या आशेशी खेळणार नाही.

शब्द मात्र आजच लागतात. १९७२ साली इंग्रजीत या अवस्थेला वनस्पतीची उपमा देणारे नाव मिळाले. २०१० मध्ये डॉक्टरांच्याच एका गटाने ते बदलायला सुचवले, कारण कोणाच्याही आईला भाजीपाल्याच्या रांगेत बसवणे बरे नाही. आपण मराठीत अजून 'वनस्पतिवत्' लिहितो. त्या माहितीपत्रासाठी मी 'अप्रतिसादी जागेपण' असे लिहिले. बोजड आहे, मान्य. पण जागेपण आणि जाणीव वेगळी, हे त्यातून दिसते. त्याच्या पुढची पायरी, जिथे जाणीव अधूनमधून डोकावते, तिला 'अल्पभान'. खरे तर मराठीची श्रीमंती इथे कामी येते. जाग, शुद्ध, भान, जाणीव हे चार शब्द आपण कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. गाण्यात भान हरपले तर आपण दाद देतो, शुद्ध हरपली तर डॉक्टर बोलावतो. झोपलेल्याला जाग नसते, पण त्याची शुद्ध गेली असे कोणी म्हणत नाही. हा भेद घराघरांत आहे. परिभाषाकोशाने 'चेतना' आणि 'संज्ञा' या दोन शब्दांत तो बुजवला. 'लिव्हिंग विल'ची तीच गत. २०१८ साली न्यायालयाने त्याला मान्यता दिली, आपण त्याचे 'इच्छापत्र' केले, आणि ऐकणाऱ्याला वाटते जमिनीच्या वाटणीचे चालले आहे.

म्हणून एक विनंती आहे. बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. बडोद्याचे, ग्वाल्हेरचे, हैदराबादचे, गोव्याचे बरेच जण आज इथे आहेत. घरातले कोणी अंथरुणाला खिळलेले असताना, डोळे उघडे पण बोलणे नाही अशा वेळी, तुमच्या घरी काय म्हणत असत तो शब्द, जसा बोलतात तसाच, वहीत लिहा. हिंदी, गुजराती, कन्नड, कोंकणी, तेलुगू मिसळलेला असेल तर मिसळलेलाच लिहा. 'होश', 'सुध' हे आमच्या इंदुरातले दोन मी पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत.